वाळू दे रे, किती वेळा सांगू

बावन्न वर्षांच्या बाईला चारचौघांत ठमी म्हणू नये, हे तिच्या घरच्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगून उपयोगही झाला नसता. लहानपणी गोल होती म्हणून ठमी. पुढे काडी झाली तरी ठमीच. शाळेत सव्वीस वर्षं चित्रकला शिकवली तेव्हा ती 'बाई' होती. आणि या आठवड्यात, मांडीवर उघड्या पडलेल्या या गुळगुळीत छापील पुस्तिकेत, ती एकदम 'ज्येष्ठ दृश्यकलावंत' झाली होती. ज्येष्ठ दृश्यकलावंतांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

पुस्तिका तिच्याच प्रदर्शनाची होती. पहिलं एकटीचं प्रदर्शन, अकरा चित्रं, सहा वर्षांचं काम. प्रत्येक चित्राच्या फोटोखाली चित्राचं नाव छापलं होतं. आता ठमीने जन्मात कधी कुठल्या चित्राला नाव दिलं नव्हतं. नाव द्यायचं म्हटलं की तिला बारशाला उशिरा पोचल्यासारखं वाटे आणि ती तो विषयच सोडून देई. तरी नावं होती. पहिल्या चित्राचं नाव 'वाळू दे'. दुसऱ्याचंही 'वाळू दे'. तिसऱ्याचं 'अजून वाळू दे'. पाचव्याचं नुसतं 'हे पण'. आणि सातव्याचं, ठळक अक्षरांत, 'वाळू दे रे, किती वेळा सांगू'.

हे कुठून आलं ते तिला वाचताक्षणी कळलं. ती काम करायची ती जागा म्हणजे धाकट्या भावाच्या गोदामाची मागची खोली. भाऊ घरं रंगवायची कंत्राटं घ्यायचा. गोदामात डबे, शिड्या, बांबू, पत्रे, आणि हे सगळं कुठे ठेवायचं तर ठमी चित्रं काढायची त्या ओल्या फळ्यांना टेकवून, असा त्याचा शिरस्ता. ओली फळी दिसली की त्याला तिथेच शिडी उभी करायची बुद्धी होई. ठमीने आधी तोंडाने सांगितलं, मग ओरडून सांगितलं, शेवटी फळ्या भिंतीकडे तोंड करून उभ्या केल्या आणि प्रत्येकीच्या पाठीवर खडूने लिहून टाकलं: वाळू दे. म्हणजे रंग ओला आहे बाबा, तो वाळू दे. गॅलरीत यादी करणाऱ्या माणसाने फळ्या उलटून पाठीवर जे दिसलं ते नावाच्या रकान्यात उतरवलं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी ठमीने कपाळाला हात लावून सोडून दिलं असतं. पण प्रदर्शनाला एक क्युरेटरबाई होत्या. हुशार होत्या, मेहनती होत्या, आणि हीच पंचाईत होती. ती यादी वाचून त्यांनी आठ पानी लेख लिहिला होता. लेखात नदी होती. नदी माणसापुढे हात पसरून उभी होती आणि म्हणत होती, माझी वाळू मला दे. उपसलेली, ट्रक भरभरून नेलेली, इमारतींत गाडलेली वाळू दे. चित्रांतला तो मातकट रंग म्हणजे 'कोरड्या पडलेल्या नदीपात्राचा वर्ण' होता. 'हे पण' या नावात नदी वाळू उपसण्याच्या अपराधात आपल्यालाही सामील करून घेत होती. आणि सातव्या चित्रात याचनेचा आक्रोश झाला होता. त्या नावातल्या 'रे' या एका अक्षरावरच बाईंनी अर्धं पान खर्ची घातलं होतं. हा 'रे' म्हणजे समस्त मानवजात, असं त्यांचं म्हणणं होतं. हा 'रे' म्हणजे तिचा धाकटा भाऊ होता.

ठमीने फोन लावला.

"अहो, ते वाळू दे म्हणजे वाळू दे," ती म्हणाली.

"तेच तर!" क्युरेटरबाई आनंदाने म्हणाल्या. "किती थेट! किती नागडी मागणी!"

"मागणी नाही हो. वाळणं. कपडे वाळतात तसं. रंग ओला होता, तो वाळू दे, असं भावासाठी लिहिलेलं होतं."

मग क्युरेटरबाईंचा आवाज आला, आणि तो भारावलेला होता. "म्हणजे तुमच्याही नकळत..."

"नकळत नाही. खडूने."

"तुम्ही किती साध्या आहात," क्युरेटरबाई म्हणाल्या. "कलावंताला आपल्या कामाचा अर्थ सगळ्यांत शेवटी कळतो. वेळ द्या स्वतःला."

ठमीने फोन ठेवला आणि उशीला दोन गुद्दे मारले. एका अक्षराचा फरक झाला की माणसं 'ध चा मा' म्हणतात. इथे अक्षर न अक्षर तेच होतं आणि तरीही घोटाळा झाला होता. तक्रार करायची तरी कुणाकडे?

चित्रं खरी कशाची होती? ती होती भिंतींची, भाड्याच्या खोल्यांच्या भिंतींची.

ठमीचे वडील रंगारी. सगळे त्यांना नाना म्हणत. एक भाडेकरू गेला आणि दुसरा यायचा असला की मधल्या चार दिवसांत घरमालक नानांना बोलावत. सुट्टीच्या दिवसांत ठमी त्यांच्याबरोबर जाई, डबा धरायला. दार उघडलं की खोली रिकामी असे आणि भिंती मात्र भरलेल्या असत. कपाट होतं तिथे फिकट चौकोन. खाटेच्या उशाला डोकं टेकून टेकून पडलेला काळपट गोल. दिव्याच्या बटणाभोवती बोटांचे ठसे. कुणीतरी इथे राहून गेलंय हे ती भिंत तोंडाने सांगत असे. मग नाना खिळ्यांच्या भोकांत लांबी भरत. रंगाऱ्यांच्या भाषेत लांबी म्हणजे भेगा बुजवायचा लगदा. त्यावर पॉलिश पेपर घासत, पहिला हात मारत, तो वाळला की दुसरा. चार दिवसांत त्या माणसांचं नामोनिशाण उरत नसे. घरमालक खूश होई आणि ठमी मात्र हिरमुसून बसे. माणसं निघून गेली ते गेली, त्यांच्या मागे राहिलेलं एवढंसं कशाला पुसायचं, हे तिला तेव्हा कळत नव्हतं आणि पुढेही कळलं नाही.

ती त्याच भिंती रंगवत होती, आणि नानांच्याच पद्धतीने. प्लायवूडची फळी, वर लांबी, मग डाग, मग डागावर हात, मग घासणं, पुन्हा हात. सात-आठ हात होत, आणि खालचा डाग दिसेल न दिसेल इतका उरला की ती थांबे. रंग घरमालकांचा लाडका, मळखाऊ. त्याचा नदीपात्राशी संबंध इतकाच की दोन्ही कुणी धूत नाही.

कला महाविद्यालयात तिच्या सरांनी पहिली फळी पाहून म्हटलं होतं, "हे चित्र नाही, हे कंत्राट आहे." वर्ग हसला होता. मग शाळेतली नोकरी, सव्वीस वर्षं सफरचंद, सुरई आणि निसर्गदृश्य. मधून मधून सामूहिक प्रदर्शनांत एखादी फळी लागे, ती जिन्याखाली, नाहीतर पिण्याच्या पाण्याच्या यंत्राशेजारी. एकदा एका बाईंनी तिच्या फळीला खरंच भिंत समजून छत्री टेकवली होती. ठमीला ती आजवर मिळालेली सगळ्यांत प्रामाणिक दाद वाटली होती. सहा वर्षांपूर्वी नोकरी सोडली ती एवढ्याच हट्टाने की मरायच्या आधी या भिंती कुणीतरी नीट उभं राहून बघाव्यात.

म्हणून क्युरेटरबाईंचा दुसरा फोन आला तेव्हा तिला तो लगेच ठेवता आला नाही.

संग्रहालयात नवं दालन होत होतं. विषय नद्या. निवड समितीच्या अध्यक्षांनी पुस्तिका वाचली होती आणि त्यांना तीन चित्रं हवी होती. कायमची. उद्या गॅलरीत 'कलावंताशी गप्पा' होत्या, तिथे ते स्वतः येणार होते.

"कायमची म्हणजे?" ठमीने विचारलं.

"कायमची म्हणजे कायमची. आपण गेलो तरी ती तिथे असतील." मग बाईंचा आवाज जरा खाली आला. "हे बघा, मी तुम्हाला खोटं बोला असं म्हणत नाहीये. उद्या फक्त 'नाही' म्हणू नका."

रात्रभर नाही, पण पुढचे दोन तास तरी ठमी त्या 'कायमची'भोवती फिरत राहिली. भाऊ चहा घ्यायला आला तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं.

"मग अडलंय कुठे?" भाऊ म्हणाला. "म्हण वाळू. काय जातंय तुझं?"

"तुझ्यामुळे झालंय हे सगळं. तुला शिड्या ठेवायला दुसरी जागा नव्हती?"

"म्हणजे तुझं संग्रहालयात जातंय ते पण माझ्यामुळेच," भाऊ म्हणाला आणि बशीतला चहा संपवून उठला. याच्याशी वाद घालण्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं, आणि ते तर ती करतच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी जाहीर केलं की ते पण येणार. एकोणऐंशी वर्षांचे नाना आजवर तिच्या एकाही प्रदर्शनाला आले नव्हते. त्यांचा राग जुना होता आणि सरळ होता. "मी जन्मभर डाग बुजवले आणि ही बया ते उकरून काढते," असं ते आल्यागेल्याला सांगत. ठमीला त्यांचं येणं नको होतं. नानांसमोर गोलगोल बोलायचं म्हणजे अवघड काम. हा माणूस खोटं बोलतच नसे, निदान भिंतीच्या बाबतीत तरी. एकदा एका कुटुंबाचं सामान दारात येऊन उभं होतं, घरमालक घाई करत होता, हमाल शिव्या देत होते, आणि नाना उंबऱ्यात स्टूल टाकून बसले होते. "ओली आहे," एवढंच म्हणत होते. "वाळली म्हणा आणि उठा ना," घरमालक म्हणाला. "वाळली की म्हणेन," नाना म्हणाले. ते गिऱ्हाईक तुटलं. अशी बरीच तुटली. आई म्हणायची, या माणसाच्या जिभेला हाड आहे.

गॅलरीत पन्नासेक खुर्च्या मांडल्या होत्या. पहिल्या रांगेत मधोमध समितीचे अध्यक्ष, शांत, नीटनेटके, हातात वही. दोन खुर्च्या सोडून नाना, इस्त्रीच्या सदऱ्यात, आणि त्यांच्या शेजारी भाऊ. समोर क्युरेटरबाई आणि ठमी, दोघींच्या मध्ये पाण्याची बाटली.

"वाळू," क्युरेटरबाईंनी सुरुवात केली, "हा तुमच्या कामाचा गाभा आहे."

"हं," ठमी म्हणाली.

"आणि त्या वाळूत एक हरवलेलं घर आहे."

"घर आहे," ठमी म्हणाली. हे तरी खरं होतं.

"म्हणजे नदी हेच घर."

"असंही म्हणता येईल," ठमी म्हणाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी वहीत काहीतरी लिहिलं. ठमीला स्वतःच्या आवाजाची शिसारी आली, पण तो 'कायमची' शब्द घशात अडकून बसला होता आणि त्याच्या बाजूने दुसरं काही बाहेर येत नव्हतं. आणखी वीस मिनिटं, तिने स्वतःला बजावलं. वीस मिनिटं हं हं करायचं, की झालं.

तेवढ्यात क्युरेटरबाईंना अवदसा आठवली. त्या नानांकडे वळल्या. "आज आपल्यात कलावंताचे वडील आहेत. बाबा, तुम्ही सांगा ना. वाळूबद्दलची ही एवढी ओढ तुमच्या मुलीत कुठून आली?"

भाऊ नानांच्या कानाशी लागला. त्याने गाडीत त्यांना काय पढवून आणलं होतं ते ठमीला तेव्हा कळलं. नाना उठून उभे राहिले. त्यांचे कान लाल झाले होते. त्यांनी समोरच्या अध्यक्षांच्या वहीकडे पाहिलं आणि शाळेत उभं केलेल्या मुलासारखं घडाघडा बोलायला लागले.

"वाळूच. लहानपणापासून तिला वाळूचं फार. दिवस दिवस वाळूत बसायची. उठायची नाही."

"नदीकाठी?" अध्यक्षांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"हो तर. नदी होती. घरामागेच. मोठी होती." नानांनी शेजारी मुलाकडे पाहिलं. "मग आटली."

त्यांच्या घरामागे पिठाची गिरणी होती. नानांच्या आयुष्यात नदी आली ती पुलावरून जाताना बसच्या खिडकीतून, तेवढीच. ठमी त्यांच्याकडे बघत राहिली. तिला आधी हसू आलं आणि ते लगेच मावळलं. स्टुलावर बसून सगळ्या हमालांच्या शिव्या खाल्लेला हा माणूस, आपल्यासाठी, इतक्या लोकांत, इतकं वाईट खोटं बोलत होता. आणि अजून बोलायचं संपलं नव्हतं. "तेव्हा मासे पण होते," ते म्हणाले.

"नाना, पुरे," ठमी म्हणाली. "बसा."

मग ती स्वतः उभी राहिली आणि तिने सांगितलं. वाळू दे म्हणजे काय, कुणाला लिहिलं होतं, खडूने का लिहिलं होतं. भावाकडे सगळ्यांनी वळून पाहिलं. त्याने छताकडे पाहिलं. सातव्या चित्राचं सांगितलं तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. "नदी नाहीये यात," ती म्हणाली. "खोल्या आहेत. लोक भाड्याने राहिले आणि गेले, त्या. माझे वडील त्या रंगवायचे. लांबी, पॉलिश पेपर, हात, सगळं त्यांच्याकडून शिकले. मासे नव्हते."

क्युरेटरबाई पडल्या तशा उठल्या. "वाळणं!" त्या म्हणाल्या. "म्हणजे प्रतीक्षा! म्हणजे काळ हेच माध्यम—"

"अहो बाई, रंग ओला होता," ठमी म्हणाली. तिने हात टेकले होते.

अध्यक्षांनी वही मिटली. ते वाईट माणूस नव्हते. निघताना ठमीजवळ आले, चित्रं त्यांना अजूनही आवडली असं म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले असावेत. "पण दालन नद्यांचं आहे," ते म्हणाले. "भाड्याच्या खोल्यांचं दालन सध्या तरी आमच्या योजनेत नाही." ठमीने हात जोडले. दुसरं काय करणार? तिला रडायला आलं नाही, नुसतं थकायला झालं, आठ हात एका दमात मारल्यासारखं.

लोक पांगले. भाऊ गाडी आणायला पळाला. नाना जिन्याशी पाठमोरे उभे होते. ठमीने त्यांचा हात धरला तर त्यांनी तो झटकला.

"एकोणऐंशी वर्षांत एक खोटं बोललो," नाना म्हणाले. "एकच. तेही तू वाया घालवलंस."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं बोलायला? माशांपर्यंत गेलात! अजून दोन मिनिटं दिली असती तर होडी काढली असतीत!"

"मग काय करू? तुझा भाऊ म्हणाला, वाळू म्हटलं की तिचं काम भिंतीवर कायमचं राहणार." नाना आता तिच्याकडे वळले होते आणि त्यांचा आवाज चढला होता. "कायमचं! तुला काय कळणार त्याचं? मी पन्नास वर्षं रंग लावला. त्यातलं एक तरी आज दिसतंय का कुठे? दोन-तीन वर्षं झाली की कुणीतरी दुसरा येतो आणि माझ्यावरून त्याचा हात मारतो. सगळं गेलं खाली. एक घर दाखव मला, एक, जिथे वर मी आहे."

सहा वर्षं ठमी गेलेल्या भाडेकरूंचे डाग जपत बसली होती, आणि डाग बुजवणाऱ्याचा हात कुठे गेला हे तिने एकदाही विचारलं नव्हतं. तिला स्वतःचा भयंकर राग आला. नानांचाही आला, हे आज सांगतायत म्हणून.

"आणि एक सांगतो," नाना म्हणाले. "तुझ्या चौथ्या फळीत लांबी पोकळ बसलीय."

"काहीतरीच."

"खालचा उजवा कोपरा. बसल्या जागेवरून दिसत होतं, उजेड वेगळा पडतो. वर्षभरात पोपडा धरेल."

"नाना, तीन दिवस घासलाय तो कोपरा मी."

"चल दाखवतो."

ते परत आत गेले. गुडघ्यांवर हात ठेवून नाना चौथ्या फळीसमोर वाकले, डोळे मिटले, कान जवळ नेला आणि बोटाच्या पेराने कोपऱ्यावर टकटक केली. मग जरा वर. मग पुन्हा खाली. आवाज खरंच वेगळा येत होता. ठमीलाही तो ऐकू आला आणि तिने मनातल्या मनात एक शिवी हासडली.

"खालपर्यंत काढावी लागेल," नाना म्हणाले.

"सहा महिने जातील!"

"जाऊ देत. तुला आता कुठे जायचंय?" असं म्हणून ते पाचव्या फळीकडे सरकले आणि तिच्यावरून तळहात फिरवायला लागले, वरून खाली, सावकाश, एकही बोट न उचलता.

खुर्च्या आवरत असलेली पहारेकरीण लगबगीने आली. "आजोबा, चित्रांना हात लावायचा नाही."

"लावू द्या त्यांना," ठमी म्हणाली. "काम त्यांचंच आहे."

नानांनी मान वळवली नाही. "माझं असतं," ते म्हणाले, "तर पोकळ राहिलं नसतं."